नेमबाजीत कान कसे सांभाळायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून सांगली-मिरज, तासगाव, कऱ्हाडकडच्या पालकांचे फोन वाढलेत. रायफल कुठली घ्यायची, जॅकेट कधी शिवायचं, बूट लगेच लागतात का, सगळं विचारतात. कानाची गोष्ट शेवटी निघते, तीही पोराचे कान वाजायला लागल्यावर. मी मिरजेत मुलांना नेमबाजी शिकवते. माझ्या स्वतःच्या डाव्या कानात एक आवाज कायमचा राहायला आलाय, त्याची हकीकत प्रश्न १५ मध्ये आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. घाई असेल तर निदान १, ६ आणि १९ वाचाच.

१. एका बारानं खरंच कान खराब होतो का? फटाके तर आपण लहानपणापासून उडवतोय.

होतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि दर ३ डेसिबलला आवाजातली ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळं १४० आणि १५० हे आकडे कागदावर जवळ दिसले, तरी कानाला त्यातला फरक दहापटीचा असतो. मोठ्या माणसाच्या उघड्या कानावर क्षणभराचा ठोका १४० डेसिबलच्या पुढं जाऊ नये असं मानतात. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतही हीच सीमा आहे. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ती १२० सांगितली आहे. आता फटाक्यांचं बघा. ४ मीटरवरून मोजल्यावर ज्याचा ठोका १४५ डेसिबलच्या वर जातो अशा फटाक्यावर आपल्या देशात बंदी आहे. हे माप ४ मीटरवरचं. बंदूक तर गालाला टेकलेली असते.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळणावळणाची नळी असते आणि तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या नाजूक पेशींच्या रांगा, एका कानात साधारण १५ हजार. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आकसून थोडं रक्षण करतो. पण त्याला आकसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बंदुकीचा ठोका आत पोचून गेलेलाही असतो. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही.

आधी जातात त्या उंच पट्टीच्या पेशी, ३ ते ६ हजार हर्ट्झच्या. बोलण्यातले स, श, फ, थ हे वर्ण याच भागात असतात. म्हणून असा माणूस बहिरा वाटत नाही, तो म्हणतो, ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही.’ माझ्याकडं सतारी बनवणाऱ्या घरातला एक मुलगा येतो. त्याचे वडील पहिल्या दिवशी आले ते फीचं विचारायच्या आधी कानाचं विचारायला. जवारी काढताना घोडी कानशीनं घासायची, तार छेडायची, सूर उघडला का ऐकायचं, पुन्हा घासायची. तिथं सगळी मदार त्या बारीक, वरच्या झंकारावर असते, आणि नेमकी तीच पट्टी बंदूक आधी खाते. त्यांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

२. माझी मुलगी फक्त १० मीटर एअर रायफल करते. तिलाही लागतं का?

हो. एअर रायफलचा आवाज मोठ्यांच्या १४० च्या सीमेच्या बराच खाली असतो, पण लहान मुलांची १२० ची सीमा तो ओलांडू शकतो. मी माझ्या मुलांना फोमचे प्लग, म्हणजे कानात घालायचे मऊ बोळे, घालायला लावते. कारणं आणखीही आहेत. एक तर बंद हॉल, वर पत्रा, शेजारी आठ-दहा लेन आणि तीन-तीन तास सराव. ठोके साचत जातात. दुसरं म्हणजे शेजारच्या लेनचा ‘टक्’ ऐकून दचकणं थांबतं आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. तिसरं, हीच मुलं उद्या पॉइंट टू-टूवर, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या बंदुकीवर, जाणार. तोवर प्लग घालायची सवय हाताला लागलेली बरी.

३. कोणत्या बंदुकीचा आवाज किती?

पॉइंट टू-टू रायफल १४० डेसिबलच्या आसपास. पॉइंट टू-टूचंच पिस्तूल त्याहून जास्त, कारण नळी आखूड आणि तोंड कानाच्या जवळ. बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, १५० ते १६० च्या घरात, मोठ्या बोअरच्या रायफली १७० च्याही वर. मॅच ॲम्युनिशनची, म्हणजे पॉइंट टू-टूच्या स्पर्धेच्या काडतुसाची, गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते म्हणून तिला हवेतला ‘चट्’ आवाज नसतो; पण नळीच्या तोंडाचा धमाका असतोच, त्यामुळं ती ‘मऊ’ वाटली तरी कान उघडे ठेवू नका.

४. कापूस, बोटं, मोबाईलचे इअरफोन, रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच), यातलं काही चालेल का?

कापूस आवाज जवळजवळ अडवत नाही, आणि काहीतरी घातलंय असं वाटल्यानं माणूस निर्धास्त होतो, हा त्याचा सगळ्यात मोठा धोका. इअरफोन, अगदी बाहेरचा गोंगाट कापणारे महागडेसुद्धा, बंदुकीच्या ठोक्यासाठी बनवलेले नसतात; विमानाची सलग घरघर वेगळी आणि हा ठोका वेगळा. पुंगळी तर कानात कधीच घालू नका, कड लागून आतली कातडी फाटते. बोटं घट्ट घातली तर बराच आवाज अडतो हे खरं आहे. जवळ काहीच नसताना अचानक कुणी बार काढणार असेल तर दोन्ही बोटं घाला. पण नेमबाजाचे हात बंदुकीवर असतात.

५. इअरप्लग घ्यावा की इअरमफ?

प्लग कानाच्या आत जातो; मफ म्हणजे डोक्यावरच्या पट्ट्याला लावलेल्या, कान झाकणाऱ्या दोन वाट्या. जो तुम्ही दर वेळी, पहिल्या बाराआधी, नीट बसवाल तो.

माझा साधा हिशोब सांगते. नवखा असेल, मूल असेल, पाहुणा असेल तर मफ. तो चुकीचा बसवणं अवघड असतं आणि लांबून दिसतो, म्हणून कोणी न घातलेला लगेच लक्षात येतो. रायफलवाल्याला प्लग, कारण मफ चीकपीसला, म्हणजे रायफलवर गाल टेकवायच्या भागाला, अडतो (प्रश्न ११). बारा बोअर किंवा बंद रेंजवर पिस्तूल असेल तर दोन्ही (प्रश्न ८). चकत्या-चकत्यांचे रबरी प्लग धुऊन पुन्हा वापरता येतात, पण ते प्रत्येकाच्या कानाला बसतातच असं नाही. मधे बारीक छिद्र असलेले प्लगही मिळतात, त्यातून बोलणं ऐकू येतं आणि ठोका अडतो. उघड्या मैदानात ते ठीक आहेत, पण एरवी भरीव फोमइतकं रक्षण त्यांच्याकडून धरू नका.

विकत घ्यायला कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीजवळ कामगारांच्या सेफ्टीचं सामान विकणारी दुकानं बघा. ‘शूटिंगचे’ म्हणून ऑनलाइन दामदुप्पट किमतीला मिळणारा फोम आणि तिथला फोम यांत बहुतेक वेळा काहीच फरक नसतो. पाकिटावर आयएस ९१६७ किंवा ईएन ३५२ असं मानक आणि आवाज अडवण्याचा आकडा छापलेला हवा. आकडाच नसेल तर ती वस्तू ठेवून द्या.

६. फोमचा प्लग घालतो, पण बाहेर येतो. आवाजही फारसा कमी होत नाही. चुकतंय कुठं?

दहा जणांचे प्लग तपासले तर निम्म्यांचे अर्धे बाहेर लोंबताना दिसतात, म्हणून हे सावकाश सांगते.

आधी हात धुवा. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून वळा, उदबत्तीसारखा बारीक आणि सुरकुती न पडता. घाईनं चिमटला की घडी पडते आणि त्याच घडीतून आवाज आत शिरतो. आता दुसरा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढा. उजव्या कानासाठी डावा हात. कानाची वाट सरळ नसते, तिला बाक असतो. पाळी ओढली की ती सरळ होते आणि प्लग सहज आत सरकतो. आत गेला की बोट लगेच काढू नका. बोटाचं टोक तसंच टेकवून तोंडानं तीस आकडे मोजा. फोम फुगायला वेळ लागतो, आणि साताऱ्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळी तर त्याहून जास्त, कारण थंडीत फोम कडक होतो. तेव्हा वळण्याआधी तो मुठीत धरून जरा गरम करा.

नीट बसलाय हे कसं कळेल? समोर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या कानातून प्लग बाहेर आलेला दिसता कामा नये. मोठ्यानं एक ते पाच म्हणा. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला हवा, दोन्हीकडं सारखाच. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. बाहेरच्या आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग चांगला बसलाय. एकदम शांत झालं तर गळती आहे, काढून पुन्हा घाला.

काढताना झटका देऊ नका. हळू पिळत बाहेर घ्या, नाहीतर कानाच्या पडद्यावर ताण येतो. वापरलेला फोम मळला, कडक झाला किंवा वळल्यावर पुन्हा फुगेना की टाकून द्यायचा.

७. पाकिटावर एनआरआर २९, दुसऱ्यावर एसएनआर ३५ लिहिलंय. म्हणजे दुसरा चांगला का?

तसं म्हणता येत नाही. दोन्ही आवाज किती अडतो ते सांगणारे आकडे; एनआरआर अमेरिकी पद्धतीचा आणि एसएनआर युरोपी पद्धतीचा. एकाच वस्तूचा एसएनआर बहुधा काही अंकांनी जास्तच भरतो, म्हणून तुलना करायची तर एकाच प्रकारच्या आकड्यांची करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे आकडे प्रयोगशाळेतले, तज्ज्ञांनी नीट बसवलेल्या प्लगचे असतात. रोजच्या वापरात तेवढं रक्षण मिळत नाही, म्हणून अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या हिशोबात एनआरआरमधून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरायची रीत आहे: २९ मधून ७ गेले २२, त्याचे निम्मे ११. हा आकडा बघून लोक हबकतात. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की कसाबसा घातलेला ३३ चा प्लग नीट बसलेल्या २५ च्या प्लगपुढं काहीच नाही. शिवाय हे माप सलग गोंगाटासाठी घेतलेलं असतं. ‘१५५ मधून २९ गेले १२६’ असं सरळ गणित बाराला लावून बेफिकीर राहू नका.

८. प्लगवर मफ लावला तर रक्षण दुप्पट होतं का?

नाही. दोन्हींत ज्याचा आकडा मोठा त्यात साधारण ५ मिळवा. २९ चा प्लग आणि २५ चा मफ मिळून ३४ धरायचे, ५४ नाही. त्यापुढं आवाज कानाच्या वाटेनं येतच नाही, कवटीच्या हाडांतून आत जातो, आणि त्याला कुठलाच मफ अडवत नाही.

तरी ते ५ मोलाचे आहेत. बारा बोअर, सेंटर फायर (मोठ्या काडतुसाचं) पिस्तूल, पत्र्याखालचा किंवा बंद भिंतींचा फायरिंग पॉइंट (बार काढायची जागा), शेजारच्या लेनवर मोठी बंदूक, यांतलं काहीही असेल तर दोन्ही घाला. फायदा आणखी एक: दिवसभरात एक कुठलं तरी हलतंच, तेव्हा दुसरं जागेवर असतं.

९. इलेक्ट्रॉनिक मफ घेऊ का? स्पर्धेत चालतो का?

त्यात बाहेर माईक आणि आत छोटे स्पीकर असतात. साधं बोलणं ऐकू येतं, आवाज साधारण ८५ डेसिबलच्या आसपास गेला की आतला स्पीकर तो पुढं पाठवणं थांबवतो आणि मफ मफासारखा वागतो. बॅटरी संपली तरी रक्षण जात नाही, फक्त बोलणं ऐकू येईनासं होतं. प्रशिक्षक, रेंज ऑफिसर आणि आधीच कमी ऐकू येणारे यांच्यासाठी मी याचीच शिफारस करते. यांचा एनआरआर बऱ्याचदा विशीच्या सुरुवातीलाच असतो, म्हणून मोठ्या आवाजाला आत फोमचा प्लग घाला आणि मफाचा आवाज वाढवा. बोलणं तरीही कळतं.

स्पर्धेत मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम कडक आहेत. खेळाडूला आवाज कमी करणारी साधनंच चालतात, आवाज ग्रहण करणारं यंत्र असलेली नाहीत. सराव त्यावर करून ऐन स्पर्धेत साध्या प्लगवर जाऊ नका. शांतता वेगळी वाटते, श्वास वेगळा ऐकू येतो आणि पहिल्या बारांची मालिका त्यातच जाते.

१०. प्लग घातल्यावर कमांड ऐकू येत नाहीत. हे जास्त धोक्याचं नाही का?

प्रश्न रास्त आहे. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ या चार शब्दांवर रेंज चालते, त्यामुळं ते ऐकू यायलाच हवेत. पण उपाय कान उघडे ठेवण्यात नाही. रेंजवाल्यांकडं लाऊडस्पीकर मागा, फायरिंग पॉइंटवर दिवा मागा. स्वतः शिरस्ता ठेवा: शेजाऱ्यानं बंदूक खाली ठेवली की आपणही ठेवायची आणि मग विचारायचं. आणि काही कळलं नाही म्हणून प्लग काढायचा असेल तर आधी बंदूक रिकामी, सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची खूण) नळीत, मागं यायचं. एका प्रशिक्षकानं मुलाच्या कानाचा मफ उचलून काहीतरी सांगितलं आणि त्याच क्षणी शेजारच्या लेनवर बार झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोणाचाही मफ उचलू नका. खांद्यावर हात ठेवून मागं बोलवा.

११. मफ रायफलच्या चीकपीसला अडतो, डोकं नीट टेकत नाही.

मग प्लगच घाला. पातळ वाट्यांचे मफ मिळतात, पण वाटी पातळ केली की रक्षणही कमी होतं. गाल दाबला की मफाची खालची कड उचलली जाते, आणि बरोबर बाराच्या क्षणी तिथं फट पडते. हे आरशात बघून कळत नाही, पोझिशन घेतल्यावर मागच्याला बघायला सांगा.

आणखी एक. उजव्या हाताच्या रायफलवाल्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडं वळलेला असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. म्हणून आधी डावा कान जातो. डावखुऱ्याचं उलट. तपासणीत दोन्ही कान सारखे दिसले नाहीत तर दचकू नका, पण डाव्या कानाचा प्लग दोनदा तपासून घाला.

१२. चष्मा, कुड्या, भिकबाळी, अंबाडा, फेटा यांचं काय करायचं?

मफाची गादी कातडीला सगळीकडून चिकटली तरच आवाज अडतो. चष्म्याची जाड काडी मधे आली की तिथं फट पडते आणि काही डेसिबल तिथूनच आत जातात. नेमबाजीच्या चष्म्याच्या काड्या बारीक असतात. घरचाच चष्मा असेल तर आत प्लग घाला. छोट्या कुड्या चालतात, झुमके काढायचे. बुगडी आणि भिकबाळी कानाच्या वरच्या कडेला असतात, वाटीखाली दाबून तासाभरात दुखायला लागतं आणि मग नकळत हात मफ सैल करतो; रेंजवर येताना काढून ठेवा. अंबाडा जरा खाली बांधा, पट्टा डोक्याच्या मधोमध बसू द्या. फेट्यावर मफ लावायचाच नाही.

१३. कानाचा साचा घेऊन बनवतात ते प्लग घ्यावेत का?

आठवड्याला तीन-चार वेळा बार काढणाऱ्यानं जरूर घ्यावेत. श्रवणयंत्रासाठी साचे घेणारे ऑडिओलॉजिस्ट हे काम करतात, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात त्यासाठी लांब जावं लागत नाही. कानात मऊ लगदा भरतात, तो काही मिनिटांत घट्ट होतो, त्यावरून प्लग येतो. सांगताना स्पष्ट सांगा: ‘बंदुकीच्या आवाजासाठी, भरीव, छिद्राशिवाय.’ श्रवणयंत्राच्या साच्याला हवेसाठी बारीक भोक ठेवतात, ते इथं नको. वाढत्या मुलांना घाई करू नका. कान वाढतो, साचा ढिला पडतो आणि ते कळतही नाही.

१४. किती वर्षांच्या मुलाला रेंजवर आणावं? तान्ह्या बाळाला मफ लावला तर?

जे मूल प्लग सरकला की ‘मॅडम, निघाला’ असं स्वतः सांगू शकत नाही, त्याला पॉइंट टू-टूच्या किंवा बारा बोअरच्या रेंजवर आणू नका. लहान मुलांच्या कानाची वाट अरुंद असते, मोठ्यांचा फोम आत जातच नाही. त्यांना लहान मापाचा फोम किंवा लहान डोक्याचा मफ हवा. मोठ्यांचा मफ त्यांच्या जबड्यापाशी उघडाच राहतो. बाळाला अजिबात नको.

१५. एनसीसी कॅम्पला फायरिंग आहे. तिथं काय मिळेल? पाच-दहा गोळ्यांनी काय होणार?

स्वतःचे फोमचे प्लग खिशात घेऊन जा. चार जोड्या घ्या, शेजारच्यालाही द्या.

मी कॉलेजात असताना एका कॅम्पला पॉइंट टू-टूचं फायरिंग होतं. आम्हाला थोडा थोडा कापूस दिला. माझ्या डाव्या कानातला कापूस झोपून पोझिशन घेताना पडला, आणि रांग अडेल म्हणून मी तो उचलला नाही. पाच गोळ्या माझ्या, पण दोन्हीकडच्या लेनच्या धरल्या तर पन्नासेक झाल्या असतील. रात्री तंबूत रातकिडा ओरडतोय असं वाटलं. मी उठून कनातीच्या कडेनं बॅटरी घेऊन त्याला शोधलं. बाकीच्या मुली झोपलेल्या होत्या, कुणालाच तो ऐकू येत नव्हता. तो किडा अजून ओरडतोय. त्याला टिनिटस म्हणतात हे मला दहा वर्षांनी कळलं.

म्हणून कॅडेटांना सांगते, तुमची फेरी नसली तरी फायरिंग पॉइंटच्या मागं उभं असताना प्लग कानात हवेत. मोजायच्या गोळ्या तुमच्या एकटीच्या नसतात.

१६. बाबांकडं शेतसंरक्षणाची बारा बोअर आहे. रानडुकरं हाकलायला वर्षातून दोन-तीनदाच बार काढतात. एवढ्यासाठी मफ?

हो. पाटण-जावळीकडून हा प्रश्न नेहमी येतो. बंदूक खुंटीला असते तिथंच एक मफ टांगून ठेवा. रात्री पिकात चाहूल ऐकायची असते म्हणून शेतकरी मफ नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक मफ सगळ्यात सोयीचा (प्रश्न ९). बरोबर बॅटरी धरून जो उभा असतो त्याचे कान बहुतेक वेळा नळीच्या तोंडाच्या जास्त जवळ असतात. त्यालाही द्या, आणि मागं उभा करा.

१७. मी गरोदर आहे. दोन्ही लावून सराव केला तर चालेल?

मफ तुमच्या कानाला आहे, पोटाला नाही. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू यायला लागतं आणि बंदुकीचे जाड, खालच्या पट्टीचे आवाज पोटातून आत पोचतात. शिशाची धूळही आहेच. बाळंतपणापर्यंत बंदुकीची रेंज बंद ठेवा आणि पुढचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

१८. पावसाळ्यात प्लगमुळं कान खाजतो. कान फुटलेला असेल तर?

पावसाळ्यात कानात बुरशी होणं आपल्याकडं नेहमीचं आहे, आणि ओलसर, मळका फोम तिला आयतं घर देतो. नवा फोम, कोरडे हात, आणि काम झालं की प्लग लगेच काढायचा. मळ काढायला काडी घालू नका. ती मळ आत ढकलते आणि प्लग त्याला आणखी पुढं लोटतो. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर प्लग अजिबात नको, फक्त मफ, तोही डॉक्टरांनी होकार दिल्यावर. उन्हाळ्यात मफाच्या गाद्या घामानं चिकट होतात. ओल्या फडक्यानं पुसा, गाडीच्या काचेमागं उन्हात ठेवू नका. गादी कडक झाली, तडकली की बदलायची. फटीतून आवाज येतो.

१९. सरावानंतर कानाला दडे बसलेत आणि किर्र आवाज येतोय. काय करू?

आजचा सराव इथंच थांबवा. कानात कोमट तेल, लसणीचं तेल, काहीही घालू नका. हा मळाचा किंवा सर्दीचा दडा नाही, तेल तिथवर पोचत नाही आणि डॉक्टरांना पडदा दिसेनासा होतो. शांत जागी बसा. त्या रात्री वरात, डीजे, हेडफोन सगळं बंद.

एका कानानं एकदम कमी ऐकू यायला लागलं, चक्कर आली, कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जा. नुसता दडा किंवा शीळ असेल आणि दुसऱ्या दिवशीही तशीच असेल, तरी थांबू नका. औषधानं फायदा व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो. ‘आठवडाभर बघू’ म्हणून आलेल्यांना डॉक्टर फारसं देऊ शकत नाहीत.

पुष्कळदा दडा एक-दोन दिवसांत सुटतो आणि माणूस म्हणतो, काही झालं नव्हतं. झालं होतं. दर वेळच्या अशा दड्यातून कान पूर्ण पूर्वीसारखा होतोच याची खात्री नाही. पुढच्या सरावाआधी प्लग कुठं चुकला ते शोधा (प्रश्न ६).

२०. कानाची तपासणी कधी आणि कोणती करायची?

नेमबाजी सुरू करण्याआधी एकदा, म्हणजे पुढं तुलना करायला आधार राहतो; नंतर दर वर्षी. तपासणीचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, दुखत काहीच नाही. आदले १४ तास बार नको आणि मिरवणूकही नको, नाहीतर आलेख फसवा येतो. आलेखात ३, ४ आणि ६ हजार हर्ट्झचे आकडेही मुद्दाम मागा. तिथं खाच पडली असेल तर ती आवाजाची खूण असते. मागच्या वर्षीपेक्षा यातल्या कुठल्याही ठिकाणी १५ डेसिबलनं घसरण दिसली तर प्रशिक्षकाला दाखवा आणि प्लग, मफ, रेंज सगळं नव्यानं तपासा. कागद फाईलला लावून ठेवा, मोबाईलच्या फोटोवर विसंबू नका.

२१. आजोबा श्रवणयंत्र लावतात. बंद करून बसले तर तेच प्लगचं काम करेल ना?

नाही. ते काढून डबीत ठेवायचं आणि मफ लावायचा. चालू ठेवलं तर ते आवाज वाढवतं, बंद ठेवलं तर त्याच्या भोकातून आवाज आत येतो.

२२. मी फौजेतून निवृत्त आहे. कान तिथंच गेले, डॉक्टर म्हणतात परत येणार नाहीत. आता मला मफ कशाला?

साताऱ्याकडून हा प्रश्न येतो तेव्हा फोनवर उत्तर द्यायला मला वेळ लागतो, कारण विचारणाऱ्यानं पुष्कळ सोसलेलं असतं.

तुमचा वरचा सूर गेलाय, खालचा आणि मधला बहुतेक आहे. घरातलं बोलणं तुम्ही त्याच्याच जोरावर, ओठांकडं बघत समजून घेता. नवा ठोका त्या उरलेल्यातून घेतो, आणि वयामुळं होणारी घट त्यात भर घालते. ज्याच्याकडं शंभर आहेत त्याचे दहा गेले तर भागतं. ज्याच्याकडं चाळीस उरलेत त्याचे दहा गेले की फोनवरचं बोलणं बंद होतं. कान आधीच बधिर आहेत म्हणून बार ‘लागत नाही’ असं वाटतं, पण इजा व्हायला तो मोठा वाटावा लागत नाही. कान वाजत असतील तर तेही वाढतं.

तुमची अडचण वेगळी आहे: साधा प्लग घातला की कमांडही ऐकू येत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, दोन्ही बाजूंचा आवाज वेगवेगळा लावता येणारा मिळाला तर उत्तम, आणि रेंज ऑफिसरला आधीच सांगून ठेवा की मला हातानं खूण करा. स्पर्धेत उतरणार असाल तर कमी ऐकू येत असल्याचं पंचांना आधी लेखी कळवा, डॉक्टरांच्या कागदासह. माझ्याकडं नातीला घेऊन येणारे एक सुभेदार आता तिच्या लेनच्या मागच्या बाकावर असा मफ लावून बसतात, आणि ‘अनलोड’ झाल्यावर ती मागं वळून हात वर करते, तेव्हाच तो काढतात.